शेवटच्या रिळावरचा अंगठा

१२ जानेवारी

ती. मामी,

नमस्कार. टिल्लूला आज अचानक मामीची आठवण झाली म्हणजे काहीतरी हवं असणार, असं म्हणशील. हवंच आहे, पण ते शेवटी.

फोन केला नाही, कारण गेल्या वेळी तू म्हणालीस की मी पुटपुटतो, त्यातलं अर्धं तुला कळत नाही आणि कळतं ते कामाचं नसतं. म्हणून लिहितोय. अक्षर तरी पुटपुटत नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. तळघरात एक खोली, एक यंत्र, दोन पडदे आणि मी. यंत्र जुन्या फिल्मची एकेक चौकट मोठी करून टिपतं. मग मी बसून धूळ, ओरखडे, बुरशीचे ठिपके पुसत राहतो. अख्खा दिवस कोणाशी बोलावं लागत नाही. घटस्फोट झाल्यापासून घरीही लागत नाही, त्यामुळे पुटपुटण्याचं कारण तुझ्या लक्षात येईल.

आता बातमी. मामाने काढलेलं युद्धाचं चित्रण माझ्या टेबलावर आलंय. तुझ्याकडे जी टेप आहे ना, तेच. एका कंपनीला ते अगदी स्वच्छ, बारीकसारीक सगळं दिसेल असं करून घरी बघायच्या डिस्कवर विकायचंय. टेप जोडून-कापून केलेली होती. इथे गोदामात मूळ रिळं सापडली आहेत. डब्यांवर मामाचं अक्षर आहे. मी ते कधी पाहिलं नव्हतं. आईच्या अक्षरासारखाच त्याचाही 'र' वाकडा आहे.

यावरून आमच्याकडे भांडण जुंपलंय. आवाजाचं बघणारा म्हणतो, असलं चित्रण धूसरच बरं, आणि धावपळीत काढलेल्या फिल्ममध्ये मोठं करून दिसणार काय, तर फिल्मचेच कण. साहेब म्हणतात, सैनिकांच्या शर्टाची बटणं मोजता आली की लोक घेतात. मला दोघांचंही पटतं, म्हणून दोघेही माझ्यावर वैतागलेले असतात. तू ती टेप इतकी वर्षं बघतेस. तुला काय वाटतं?

आणि हवंय ते हे: डिस्कबरोबर छोटं पुस्तक असेल, त्यात छापायला मामाचा कॅमेऱ्यासकट फोटो.

तुझा,
टिल्लू


२० जानेवारी

चि. टिल्लू,

तुझं पोट पुढे आलं, केस मागे गेले, तरी पाकिटावर टिल्लूच लिहिलंय. पोस्टमनने काय समजायचं ते समजू दे.

फोटो नाही. तुझा मामा आयुष्यभर दुसऱ्यांना 'जरा इकडे बघा' म्हणत राहिला, त्याच्याकडे कोणी बघितलंच नाही. लग्नातल्या फोटोतसुद्धा तो अर्धा कापलाय, कारण फोटोग्राफरला कसं उभं राहायचं ते शिकवायला सरकला होता. त्या टेपमध्येही सगळे आहेत, तोच नाही. मी तरी दर रविवारी दुपारी लावते. तो कुठे उभा असेल ते मला चित्र बघून कळतं. उंचावरून दिसलं की म्हणते, चढला बाई कशावर तरी. चित्र हललं की म्हणते, सांभाळ. समोरच्या खुर्चीत कोणी नसतं, त्यामुळे मोठ्याने म्हणायला हरकत नसते.

स्वच्छ केल्याने फायदा होईल का, हे मला विचारतोस? मी चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली. नवा चष्मा घातल्यावर माणूस आधी हसतो, मग आरशाकडे वळतो आणि गप्प होतो. माझा मोतीबिंदू काढला तेव्हा मला पहिल्यांदा काय दिसलं सांगू? मोरीच्या कोपऱ्यातली जळमटं. तोपर्यंत माझं घर स्वच्छ होतं. त्या टेपमध्ये कोणाचा चेहरा धड दिसत नाही आणि मला ते बरं वाटतं. दिसायला लागलं की ही सगळी कोणाची तरी मुलं होऊन बसतील.

पण तुझ्यासमोर मूळ रिळं आहेत म्हणून एक मागते. तो गेला तेव्हा मला त्याच्या एका लष्करी साहेबाचं पत्र आलं होतं. 'त्यांनी शेवटचं चित्रण पूर्ण केलं, कॅमेरा जमा केला, नंतर तापाने दवाखान्यात गेले, त्रास झाला नाही.' पुढचं सगळं तिकडेच उरकलं. मला परत मिळाले ते दोन शर्ट आणि दाढीचं सामान. पंचावन्न वर्षं झाली. पत्र फार नीट लिहिलंय रे, म्हणूनच मला ते कधी पूर्ण खरं वाटलं नाही. शेवटचं रीळ कसं संपतं ते बघ आणि मला कळव.

मामी


२ फेब्रुवारी

ती. मामी,

शेवटच्या रिळापर्यंत अजून पोचलो नाही. ओळीने चाललोय, आणि पहिल्याच डब्यात एक गंमत सापडली. तुला कळवल्याशिवाय राहवेना.

तो किल्ली देऊन चालवायचा कॅमेरा होता, घड्याळासारखा. रीळ कुठे संपलं ते फिल्म धुणाऱ्याला कळावं म्हणून कॅमेरामन शेवटी काहीतरी खूण करायचे. कोणी टोपी धरायचं, कोणी पाटी. ते सगळं टाकाऊ, म्हणून टेप करताना कापून टाकलं होतं. मामाची खूण काय होती माहीत आहे? अंगठा! डावा हात लांब करून भिंगासमोर अंगठा उभा धरायचा, नख आपल्याकडे. प्रत्येक रीळ संपताना. मामाने सगळ्या सैन्याला अंगठा दाखवलाय म्हण ना.

तो तिथे आहे, मामी. तुझ्या टेपमध्ये नव्हता, इथे आहे. एवढं स्पष्ट आलंय की सांध्यावरच्या घड्या दिसतात. पहिल्या रिळात नखाच्या मुळाशी काळा डाग आहे. मी फिल्मवरची घाण समजून पुसायला निघालो होतो, पण तो अंगठ्याबरोबर हलतो. शाई लागली असेल. ठेवलाय तसाच.

आवाजवाल्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, 'हं.' त्याच्या मानाने हे भाषणच झालं.

टिल्लू


९ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं पत्र हातात घेऊन मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते. गॅसवर पाणी होतं, ते आटून गेलं.

डावाच असणार. उजव्यात कॅमेरा.

मला सगळे अंगठे पाठव. ओळीने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सैनिक नकोत, तोफा नकोत. आणि शेवटच्या रिळावर अंगठा आहे का तेवढं सांग. असला तर त्या साहेबाने खरं लिहिलं आणि मी इतकी वर्षं उगीच त्या माणसाचं मनोमन वाईट चिंतलं. नसला तर नसला. पण खरं ते सांग.

डिस्क कशावर लावायची असते ते मला माहीत नाही. त्याचंही बघ.

मामी


१६ मार्च

ती. मामी,

उशीर झाला. इथे काम फार होतं. मध्ये एक यंत्र बंद पडलं, मग मला सर्दी झाली, मग साहेबांना सगळं चित्र स्थिर करून हवं होतं. मामाचा हात हलायचा तिथे चित्र हलतं, ते घरी बघणाऱ्यांना आवडत नाही म्हणे. इकडे हवाही विचित्र आहे.

डिस्क पाठवतोय आणि ती लावायचं यंत्रही. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनला फोन केला होता, तो येऊन जोडून देईल. त्याला पैसे देऊ नकोस, मी दिलेत.

सगळे अंगठे ओळीने लावलेत. शेवटच्या रिळाचं विचारलं होतंस. हो, आहे. चांगला स्पष्ट आहे. तेव्हा त्या लष्करी साहेबाचं पत्र खरंच म्हणायचं. आता मनातून काढून टाक.

तब्येतीला जप. मोरीतली जळमटं स्टुलावर चढून काढू नकोस.

टिल्लू


२५ मार्च

टिल्लू,

इलेक्ट्रिशियन येऊन गेला. पैसे घेतले नाहीत, पण माझ्या जुन्या टीव्हीकडे बघून असा काही हसला की मी त्याला चहा दिला नाही. मग त्यानेच वरच्या मुलीचा न वापरलेला मोठा टीव्ही आणून जोडला, तेव्हा दिला.

मी दार लावून घेतलं आणि बसले.

आधी तुला एक गोष्ट सांगते, जी मी मुद्दाम लिहिली नव्हती. ती शाई नव्हती. तो निघाला त्या सकाळी पेटी बंद होत नव्हती. सगळे कपडे, वर फिल्मचे डबे, वर मी कोंबलेली शाल. तो म्हणाला, 'तू बस वर.' मी बसले. त्याचा अंगठा आत होता. असा ओरडला की शेजारीण धावत आली, आणि आम्ही दोघं हसतोय, त्याच्या डोळ्यांत पाणी आणि हसतोय. नंतर नख काळंनिळं झालं. अंगठ्याला फडकं बांधूनच गेला. पुढे प्रत्येक पत्रात मी विचारायची, नख कसं आहे? आणि तो लिहायचा, 'बरं आहे, तू बसलीस म्हणजे वाईट काही होणार नाही, फक्त सपाट होईल.' मला कधी खरं वाटलं नाही. तो दुखणं सांगणाऱ्यातला नव्हता.

तर तो डाग तुझ्या डिस्कवर मी पाहिला. पहिल्या रिळात मुळाशी. पुढे थोडा वर. मग मधोमध. तू स्वच्छ केलंस म्हणूनच दिसलं, टेपवर असता तरी मला अंगठा म्हणजे नुसता ठोकळा दिसला असता. दर रिळाला डाग वर सरकत होता आणि खालून नवं नख येत होतं. तो तिकडे युद्धात आणि माझ्यासमोर त्याचं नख बरं होत होतं. मी खुर्चीतून उठून पडद्यापाशी जाऊन उभी राहिले. शेवटून दुसऱ्या रिळात नुसती टोकाला काळी कड उरली होती.

आणि शेवटच्या रिळात डाग परत मुळाशी.

टिल्लू, नख उलटं वाढत नाही.

तू पहिल्याच रिळाचा अंगठा शेवटी चिकटवलास. तोच उजेड, मागे तोच तंबूचा दोर. तुला वाटलं, म्हातारी आहे, काय कळणार. नाही, तुला असं वाटलं नाही, हे मला माहीत आहे. तुला वाटलं, बिचारी आहे. ते जास्त वाईट. त्या साहेबालाही तेच वाटलं होतं. दोघांनी मिळून मला पंचावन्न वर्षं दवाखान्यातल्या त्याच्या स्वच्छ पलंगापाशी बसवून ठेवलंत.

मला फार एकटं वाटलं त्या दुपारी. तो गेला तेव्हा वाटलं नव्हतं एवढं.

खरं शेवटचं रीळ पाठव. पुसू नकोस, स्थिर करू नकोस. त्याचा हात हलत असेल तर हलू दे.

मामी


१ एप्रिल

मामी,

चुकलो. पुढे काही लिहिणार नव्हतो, पण तू म्हणशील, पुटपुटू नकोस.

तुझं 'खरं ते सांग' हे वाक्य माझ्या टेबलावरच होतं. मी ते रीळ पाहिलं आणि पत्र लिहायला बसलो, ते महिनाभर बसलोच. मग जे मला येतं ते केलं. मी आयुष्यभर चित्रांतली भोकं बुजवतोय. फाटलेल्या चौकटीत शेजारच्या चौकटीतला तुकडा लावायचा, कोणाला कळत नाही. मला वाटलं, इथेही लावावा. पहिला अंगठा सगळ्यात छान आला होता म्हणून तोच घेतला. नख वाढतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता रिळात काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे पडद्यावर एकदम समोर यायला नको. एक पूल आहे. खाली चारपाच सैनिक कपडे धुताहेत. एकजण कॅमेऱ्याकडे बघून ओला शर्ट झटकतो, पाणी भिंगावर उडतं. मामा हसला असणार, चित्र हलतं. मग सगळे एकदम एकाच बाजूला बघतात. एक जोराचा हिसका. आभाळ. आणि मग आडवं गवत. कॅमेरा जमिनीवर पडलाय आणि किल्ली संपेपर्यंत चालू राहिलाय. गवत, गवत, आणि काळं. अंगठा येत नाही.

जमा वगैरे कोणी केला नाही, मामी. कोणीतरी मागून उचलून आणला असणार.

कंपनी म्हणते, गवताचा तुकडा काढून टाका, बघणाऱ्यांना वाटेल डिस्क बिघडली. मी अजून हो म्हटलेलं नाही. मी ते गवत किती वेळा पाहिलं ते सांगत नाही. त्यात एक मुंगी पात्यावर चढते. खाली डाव्या कोपऱ्यात पांढरटसं काहीतरी आहे, अर्धवट, दगड असावा. तसाही तो कडेचा भाग डिस्कवर कापला जातो. तुझ्या प्रतीत काहीही कापलेलं नाही, पुसलेलं नाही.

पण एकटी बघू नकोस. मी येऊ का? रजा शिल्लक आहे, मला ती कोणासाठी घ्यायची हेच माहीत नसतं. कळव, लगेच निघतो.

टिल्लू


२२ एप्रिल

मामी,

डिस्क पोचली, असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. तुझं पत्र नाही. फोन वाजतो, तू उचलत नाहीस. तो म्हणतो, घरात आहे, दुपारी टीव्हीचा उजेड दिसतो, पण आवाज नसतो. आवाज नसणारच, त्या रिळाला आवाजच नाही.

रागावली असशील तर तसं लिही. दोन शिव्या लिहिल्यास तरी चालतील. मी रोज कामावरून येऊन पत्रपेटी बघतो, आत विजेचं बिल असतं.

टिल्लू


३० एप्रिल

चि. टिल्लू,

रागावलेली नाही. बघत होते. पत्र लिहायला बसलं की मध्येच उठून परत लावायची.

पहिले काही दिवस पुलापाशीच थांबायची. तो ओला शर्ट झटकणारा मुलगा आता मला नीट दिसतो. त्याचा एक दात पुढे आहे. म्हटलं होतं ना, दिसायला लागले की ही कोणाची तरी मुलं होऊन बसतील. झाली. त्याच्याही आईला कोणीतरी नीट पत्र लिहिलं असेल. ते सगळे एका बाजूला बघायला लागले की मी बंद करायची आणि भांडी घासायची.

मग एक दिवस बंद केलं नाही.

तुझी मुंगी पाहिली. तुझा दगडही पाहिला. तू सबंध दिवस डाग बघणारा माणूस, तुला कोपऱ्यात डागच दिसणार. मी चाळीस वर्षं लोकांना सगळ्यात खालची बारीक ओळ वाचायला लावली आहे. पडद्याला नाक लावून बसले. चित्र थांबवायचं बटण इलेक्ट्रिशियनने दाखवून ठेवलं होतं.

दगडाला नख नसतं, टिल्लू.

तो त्याचा अंगठा आहे. उभा नाही, गवतात आडवा पडलाय, पण आपल्याकडे तोंड करून. हलत नाही. सांध्यावर तू लिहिलेल्या त्या घड्या आहेत. तुझ्या डिस्कआधी मी त्या पंचावन्न वर्षं पाहिल्या नव्हत्या, तरी ओळखल्या. किल्ली संपेपर्यंत तो तिथेच आहे. म्हणजे शेवटच्या रिळावरही अंगठा आहे रे. फक्त तो त्याने धरलेला नाही.

मी रडले, ते सांगून ठेवते, म्हणजे तू आल्यावर उगीच डोळ्यांकडे बघत बसू नकोस. ये. समोरची खुर्ची मी पुसून ठेवली आहे. कंपनीला सांग, गवत काढायचं नाही आणि तो कोपरा कापायचा नाही. नाही ऐकलं तर माझ्याकडे पाठव.

तुमच्या भांडणाचं उत्तर मला देता येणार नाही. धूसर होतं तेव्हा तो दवाखान्यात, पलंगावर होता. आता गवतात आहे. यातलं बरं कुठलं ते मला विचारू नकोस. पण ते नख मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिलं. मुळापासून टोकापर्यंत. काळं कुठेच नाही. त्या साहेबाने मला खोटं लिहिलं, तू खोटं लिहिलंस. तो बिचारा दर पत्रात लिहीत होता, नख बरं आहे, आणि मी त्याच्यावरच विश्वास ठेवला नाही. बरं झालं होतं रे. खरंच अगदी बरं झालं होतं.

मामी